हर्शेलची दोन आवर्तनं

ऑर्गन वाजवणारा माणूस कधीच एकटा नसतो. त्याचा डावा हात बास धरतो, उजवा हात गातो, पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर चालत असतात, आणि एका बाकावर तीन माणसं बसल्यासारखी होतात. हे मला १९६३ साली नेवार्कच्या ब्रॉड स्ट्रीटवर ऑर्गन विकणाऱ्या एका माणसाने सांगितलं, आणि मी ते धर्मवचनासारखं जपलं. १९८२ पासून मी रोज संध्याकाळी एका माणसापुरतं जेवण गरम करतो. उरलेले दोघं कुठे जेवतात, मला कल्पना नाही.

त्या वर्षी माझी बायको लोरेन दोन आठवड्यांसाठी बहिणीकडे डरहॅमला गेली. ते दोन आठवडे अजून चालू आहेत. दर नाताळला तिचं कार्ड येतं. शुभेच्छा छापील असतात, सही तिची असते. मी काउंटी कॉलेजात निबंधलेखन शिकवतो, म्हणजे मुलांनी घातलेले स्वल्पविराम काढतो आणि न घातलेले घालतो. ऑर्गन माझ्या घरी नाही. चारशे पौंडांचं ते धूड तिसऱ्या मजल्यावर ठेवायला घरमालकाची हरकत नव्हती, खालच्या तक्तपोशीची होती. म्हणून मी तो चर्चला देऊन टाकला. पुढे चर्चने नवा, हलका, इलेक्ट्रॉनिक घेतला आणि माझा तळघरात घडीच्या खुर्च्यांशेजारी नेऊन ठेवला. तिथे तो आणि मी अधूनमधून भेटत होतो. घटस्फोटित बापाला मुलं भेटतात तसे.

१९९४ च्या फेब्रुवारीत रशॉन माझ्या टेबलाशी आला. मंगळवारच्या वर्गातला मुलगा, वय तेवीस, निबंध कायम अर्ध्यावर सोडणारा. त्याच्या हातात एक छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड होती.

"मिस्टर टिल्मन, यावर 'व्हर्नल टिल्मन ट्रायो' लिहिलंय. तुमचे कुणी नातेवाईक का?"

"मीच."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेकॉर्डकडे, मग माझ्या स्वेटरकडे. "काय सांगता!"

ही रेकॉर्ड आम्ही १९६९ च्या ऑक्टोबरात दोन दिवसांत केली होती. पहिल्या दिवशी ए बाजू: माझी स्वतःची संथ चाल, आईच्या आठवणीत रचलेली, चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी बी बाजू: दुसरीकडे काहीतरी हवं म्हणून केलेली पावणेतीन मिनिटांची उडती गंमत.

"ए बाजू ऐकलीस?" मी विचारलं.

"ऐकली ना. ती..." तो शब्द शोधू लागला. माझ्या वर्गात त्याने इतका प्रामाणिक प्रयत्न पूर्वी केला नव्हता. "ती लांब आहे, सर. पण बी बाजू! त्यात एक जागा आहे, दोनच आवर्तनं. तुम्ही थांबता. नुसते ड्रम्स, आणि मागे कुणीतरी हसतं. ते मी कापून घेतलंय."

ही मुलं काय करतात ते मला ऐकून माहीत होतं. जुन्या रेकॉर्डमधला एक तुकडा यंत्रात उतरवायचा, त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडायचं, आणि तो गोल फिरत ठेवायचा. वर कुणीतरी बोलत राहतं, यमकात. रशॉनने दप्तरातून काढलेल्या यंत्रावर बोटभर रुंदीची सोळा रबरी बटणं होती. एक दाबलं आणि माझ्या वर्गात एकोणसत्तर साल सुरू झालं. धप्, टाक्, धप्-धप्, टाक्, आणि त्या टाक्‌च्या पाठीवर एक हसणं. मोकळं, पोटातून आलेलं.

मी थांबलो होतो, कारण माझा पाय चुकीच्या पट्टीवर पडला होता आणि पुढची पट्टी सापडेना. हे मी रशॉनला सांगितलं नाही. पावणेतीन मिनिटांतली जी दोन आवर्तनं मी वाजवली नव्हती, नेमकी तीच त्याला आवडली होती, आणि हसणारा माणूस माझ्या पायाला हसत होता.

"ड्रम्सवर कोण आहे?"

"हर्शेल पीट," मी म्हणालो. नाव तोंडातून निघालं तेव्हा जरा खरखरलं. बरीच वर्षं वापरात नव्हतं.

"हा दुसरा ठोका ऐका. केसभर उशिरा येतो. येऊ की नको, असा विचार करून आल्यासारखा. लोक हे यंत्रावर करायला बघतात, रात्र रात्र जागतात, जमत नाही. सोनं आहे हे, सर."

आमच्या काळात याला सोनं म्हणत नसत. आमच्या काळात म्हणत, ड्रमर मागे राहतो.

*

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या तळघरात जमायला लागलो. बँडचं नाव 'द बेसमेंट कमिटी'. रशॉन यंत्रावर आणि तबकड्यांवर, मी ऑर्गनवर, आणि माइकपुढे इमानी: रशॉनची मावसबहीण, दिवसा दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी, पंचवीस वर्षांची, आवाजाला चाकूची धार. चर्चचा कारभार बघणारे डीकन जिन्यात खुर्ची टाकून बसत. त्यांची अट एकच: खाली एकही अपशब्द नको. त्यामुळे इमानी तिच्या ओळींत जिथे जिथे शिवी होती तिथे नुसतं "हं" म्हणे. एका गाण्यात तर शेवटी शेवटी नुसते हुंकारच उरत. डीकनना ते गाणं फार आवडे. त्यांना वाटे, ते भक्तीचं आहे.

ड्रमर नव्हता. ठेका यंत्रातून यायचा, म्हणजे हर्शेलकडून. मी पायाने बास धरायचो आणि माझ्या डाव्या कानाशी अठ्ठावीस वर्षांचा हर्शेल पीट वाजवत असायचा, तसाच, केसभर मागे. दर पाच सेकंदांनी हसायचा. दमत नव्हता, बिअर मागत नव्हता, त्याच्या बायकोचा फोन येत नव्हता. दोन तासांच्या तालमीत हर्शेल चौदाशे वेळा हसायचा. मी घरी जाऊन सूप गरम करायचो तेव्हा स्वयंपाकघर इतकं शांत वाटायचं, की मी बोटांनी टेबलावर तो ठेका धरायचो. धप्, टाक्. हसणं मला जमत नव्हतं.

एकदा इमानीने मला पकडलं. "पॉप्स, ते हसणं आलं की तुम्ही दर वेळी मागे वळून बघता."

"मान आखडते माझी."

"चौदाशे वेळा?"

मी सांगितलं, की हर्शेल जिवंत आहे, ईस्ट ऑरेंजला राहतो, आणि आमचं १९७० पासून बोलणं नाही.

"कशावरून?"

"जिन्यावरून," मी म्हणालो. ते खरंही होतं.

त्या जानेवारीत एका क्लबच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. हॉल तिसऱ्या मजल्यावर. ऑर्गनवाल्यांच्या बँडमध्ये एक रिवाज असतो: ऑर्गन एकाचा, पण उचलायचा सगळ्यांनी. गिटारवाला मोकळा असतो, त्याचं काही जात नाही; पण ड्रमरने आधी आपले पाच ड्रम वर न्यायचे, आणि मग खाली येऊन माझ्या ऑर्गनचा एक कोपरा धरायचा. हर्शेलने सहा वर्षं तो कोपरा धरला. त्या दिवशी जिन्यावर बर्फ होतं, आम्हाला उशीर झाला होता, आणि दुसऱ्या वळणावर हर्शेल म्हणाला, "एक मिनिट थांब, व्हर्न. दम खाऊ दे."

मी वरच्या बाजूला होतो. मी म्हणालो, "तू ड्रम्सवर मागे राहतोस तसा जिन्यावरही मागेच राहतोस."

आमचा गिटारवाला बड खो खो हसला. हर्शेलने त्याचा कोपरा खाली ठेवला. टाकला नाही, अगदी हळू, काठाला पोचा येऊ नये असा ठेवला. मग वर गेला, आपले पाच ड्रम एकेक करून आमच्या बाजूने खाली नेले, दर फेरीला "जरा वाट द्या" म्हणत, आणि गाडीत भरून निघून गेला. बड आणि मी ऑर्गन धरून चाळीस मिनिटं अडकलो होतो. बड एकोणऐंशीत गेला. त्यामुळे ते वाक्य तोवर जगात फक्त दोघांना माहीत होतं.

इमानी ऐकून घेऊन म्हणाली, "फोन करा ना मग. जुलैत पार्कातल्या कार्यक्रमाला त्यांना ड्रम्सवर बसवू. दुसरं कारणही द्यायला नको, रेकॉर्ड आहेच."

मला कारणच हवं होतं. चोवीस वर्षांत मी हर्शेलला फोन केला नव्हता, याचं कारण राग नव्हतं. राग एका हिवाळ्यात विरला. पण नुसतं "तुझी आठवण येते" म्हणायला फोन करणारी माणसं मला माझ्या वयात फक्त टीव्हीवर दिसली आहेत. आता माझ्याकडे कारण होतं. हर्शेल परत माझ्या मागे बसेल. एक दुपार का होईना.

*

"हॅलो."

"हर्श? व्हर्नल बोलतोय. टिल्मन."

त्याच्याकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी फ्रीज जिंकत होतं.

"कोण गेलं?" हर्शेलने विचारलं.

"कुणी नाही."

"मग फोन कशाला केलास?"

मी सांगितलं: रेकॉर्ड, बी बाजू, पोरांना लागलेलं वेड, शनिवारी पार्कात कार्यक्रम, ड्रमर पाहिजे.

"पोरांकडे ड्रमर नाही?"

"यंत्र आहे."

"मग यंत्राला काय धाड भरली?"

"काही नाही. जिवंत माणूस हवाय."

"जिवंत माणूस हवा म्हणून मी आठवलो."

"हो."

"ऑर्गन उचलायचाय का?"

"नाही. चर्चची माणसं उचलणार आहेत. सहा जण."

"सहा," हर्शेल म्हणाला. पुन्हा म्हणाला, "सहा!" आणि मग, "किती वाजता?"

"एक."

तो शनिवारी एकला आला. एकच्या सुमाराला नव्हे. रस्त्यापलीकडच्या शाळेचं घड्याळ एक वाजवत असताना त्याच्या ब्युइकचं दार उघडलं. केस पांढरे, खांदे तेच, शर्टाला इस्त्री. बसगाड्यांची वेळापत्रकं तपासण्याच्या खात्यात तो आता साहेब होता. आम्ही हात मिळवले. दोघांनीही एकमेकांच्या पोटाकडे पाहिलं आणि दोघांनीही सभ्यपणे नजर उचलली.

"हे मिस्टर पीट," मी पोरांना म्हणालो.

रशॉनने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "सर, तुम्ही माझ्या घरात राहता. रोज. आई म्हणते, त्या हसणाऱ्या माणसाला भाडं तरी लाव."

"कोण हसणारा माणूस?" हर्शेल म्हणाला, पण तोवर इमानी त्याचे ड्रम्स उतरवायला पळाली होती.

त्याने ड्रम्स मांडले. चामडी ताणली, चाव्या फिरवल्या, स्टूल दोनदा वरखाली केलं. मी ऑर्गनवर बसलो आणि माझ्या पाठीला कळलं, की तिथे माणूस आहे. यंत्राने असं कधी होत नाही. मी बी बाजूची चाल धरली, आणि हर्शेल आला.

तो बरोबर आला. पुढचा ठोकाही बरोबर आला. त्याच्या पुढचाही. धप्, टाक्, धप्-धप्, टाक्, पट्टीने आखल्यासारखं. कुठे केसभर फट नव्हती. त्यावर इमानी बोलायला लागली आणि तिसऱ्या ओळीला अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. तिला टेकायला जागाच मिळत नव्हती. रशॉनची मान, जी एरवी आगगाडी गेली तरी डुलते, जागच्या जागी राहिली.

"मिस्टर पीट," इमानी गोड आवाजात म्हणाली, "जरा आळशी वाजवाल का?"

"आळशी?"

"म्हणजे, रविवारी दुपारी कुणी उठवलं तर कसं उठतो, तसं."

"पोरी," हर्शेल म्हणाला, "तो आळस मी चोवीस वर्षं काढतोय." आणि मनगटाने कपाळ पुसत, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं: "तळघरात मेट्रोनोम ठेवलाय, टकटक करत ठेका मोजून देणारा. रोज एक तास, कामावरून आलो की. सत्तरच्या जानेवारीपासून. बायको म्हणायची, या घरात दोन हृदयं धडधडतात आणि त्यातलं एक तुझं नाही. पण आता कुणी म्हणू शकत नाही, की हर्शेल पीट मागे राहतो."

हे तो इमानीला सांगत होता आणि माझ्याकडे पाहत होता.

जिन्यावरच्या एका वाक्यासाठी रोज एक तास. आठ हजारांच्या वर तास. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून माझ्या सांगण्यावरून इतकं काही सुधारलं नसेल. त्या जागी एक वाक्य माझ्याकडून यायला हवं होतं. फार मोठं नव्हे, स्वल्पविरामाशिवायचं. मी म्हणालो, "हात छान राखलायस."

"हं," हर्शेल म्हणाला, इमानीसारखाच.

रशॉन मनाने फार चांगला मुलगा आहे, आणि असली माणसंच असल्या वेळी पुढे होतात. "सर, म्हणजे कसं हवंय ते मी ऐकवतोच ना," म्हणून त्याने बटण दाबलं.

टाक्. आणि हसणं.

हर्शेल मान तिरकी करून ऐकत होता. दोन फेऱ्या, चार फेऱ्या.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"तू," मी म्हणालो.

"मी नाही."

"हर्श, बी बाजू आहे ही. आपण दुसऱ्या दिवशी केलेली."

"दुसऱ्या दिवशी माझी दाढ काढली. तू पॅटर्सन गावचा कुणी पोरगा आणला होतास."

"हसणं तुझं आहे."

"काम करताना मी हसत नाही." यंत्र मागे हसतच होतं. "हा माणूस मागे राहतो, व्हर्न. ऐकतोयस ना? टाक् बघ कुठे पडतोय ते. मी मागे राहत नाही. माझे हात मला अंधारात कळतात. हा मी नव्हे."

"जो कुणी असेल त्याला सलाम आहे, सर," रशॉन म्हणाला. "हे मागे राहणंच तर..."

"बंद कर ते," मी म्हणालो.

बंद झाल्यावर पार्क एकदम मोठा वाटला. दूर कुणीतरी मासे तळत होतं आणि तेलाचा आवाज टाळ्यांसारखा येत होता. हर्शेल काठ्या मांडीवर ठेवून बसला होता.

"म्हणजे तू मला या रेकॉर्डसाठी बोलावलंस," तो म्हणाला. "आणि रेकॉर्डवर तर मी नाही."

त्याने हे वाक्य तिथेच सोडलं, पण उघडं सोडलं. जिन्यात दार उघडं धरून कुणी उभं राहतं, तसं. मला फक्त "रेकॉर्ड गेली खड्ड्यात" म्हणायचं होतं. मी वीस वर्षं लोकांना वाक्यं कशी करावीत ते शिकवलं आहे.

"रेकॉर्डसाठीच," मी म्हणालो. "चुकलं माझं. पण आलायस तर एक गाणं वाजव."

"एक वाजवतो," हर्शेल म्हणाला.

*

चार वाजता आम्ही सुरू केलं. तीनशेच्या आसपास माणसं असतील, त्यांतली दोनशे माशांच्या सँडविचच्या रांगेत. पहिलं गाणं हर्शेलने वाजवलं. एक चूक नाही. टाळ्या झाल्या, चर्चमध्ये खजिनदाराने अहवाल वाचल्यावर होतात तशा, मनापासून आणि थोडक्यात. हर्शेलने उठून मान लववली, पुन्हा बसला नाही. रशॉनने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने बटण दाबलं.

टाक्, आणि हसणं, आणि सगळा पार्क डुलायला लागला. सँडविचची रांगसुद्धा. बाबागाडीतली पोरं, त्यांच्या आज्या, ड्यूटीवरचा पोलीस. इमानी त्या उशिराच्या ठोक्यावर अशी रेलून बोलत होती, जशी सोफ्यावर बसावी. आज डीकन नव्हते, त्यामुळे हुंकारांच्या जागी खरे शब्द आले, आणि तेही सुंदर वाटले.

माझ्या पाठीमागे ड्रमच्या चाव्या सैल होत असल्याचा आवाज येत होता. ड्रमर आवरतो तेव्हा कुठल्या क्रमाने आवरतो ते मला सहा वर्षांच्या सवयीने माहीत आहे: आधी झांजा, मग छोटा ड्रम, शेवटी मोठा. मी वळू शकत नव्हतो. डावा हात बासवर, उजवा चालीवर, दोन्ही पाय खाली पट्ट्यांवर. ऑर्गनवाल्याला साधा हातही हलवता येत नाही. त्याचा प्रत्येक अवयव कुणाचं ना कुणाचं काम करत असतो. पाय उचलला असता तर बास थांबला असता, आणि तीनशे माणसं थांबली असती.

हर्शेलने गाडीपर्यंत चार फेऱ्या केल्या. शेवटच्या फेरीला तो ऑर्गनजवळ थांबला आणि वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "तुझ्या स्पीकरचा फिरता भोंगा घासतोय. तेल घाल."

"थांब ना," मी म्हणालो. पण ते म्हणेपर्यंत इमानीची ओळ आली होती आणि माझं तोंड तिच्यासाठी 'होऽ' म्हणत होतं, कारण त्या गाण्यात तेही माझंच काम आहे.

तो गवतावरून गाडीकडे चालत गेला. मोठा ड्रम छातीशी धरून, सरळ, एका लयीत. आणि माझ्या डाव्या कानाशी तो दर पाच सेकंदांनी हसत होता.

*

ऑगस्टमध्ये रशॉनने रेकॉर्ड काढायचं ठरवलं. खरीखुरी, काळी, खोबणीची. पाठीमागे नावं छापायची होती. "ड्रम्सवर कोण लिहू, मिस्टर टिल्मन? तो पॅटर्सनवाला शोधून काढा ना. त्याला तरी कळू दे, की तो काय करून गेलाय."

मी वादकांच्या युनियनच्या कचेरीत गेलो. रेकॉर्डिंगला प्रत्येक दिवसाचा एक फॉर्म असतो आणि ज्याने त्याने तिथल्या तिथे सही करायची असते. तिथल्या बाईंनी तळघरातून एकोणसत्तरचा खोका आणला, त्यावर फुंकर मारली, आणि शिंकत शिंकत दोन पिवळे कागद माझ्यापुढे ठेवले.

पहिला दिवस: टिल्मन, बड, पीट. दुसरा दिवस: टिल्मन, बड, पीट. दुसऱ्या दिवसाची सही शाईने केलेली, 'एच'च्या डोक्यावर वेलांटीसारखा एक बाक. अशी सही जगात एकच माणूस करायचा. दाढ त्याने दुसऱ्या कुठल्या तरी आठवड्यात काढली होती. पॅटर्सनचा पोरगाही कधीतरी आला असेल, पण त्या दिवशी नव्हे. त्या दिवशी स्टुलावर हर्शेल होता. तो केसभर मागे राहिला होता, माझा पाय चुकला होता, आणि तो हसला होता.

"सापडलं का हवं ते?" बाईंनी विचारलं.

"सापडलं."

"मग चेहरा असा का?"

"धूळ," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी बसथांब्यावर बसलो. आता माझ्याकडे फोन करायला पक्कं कारण होतं, सहीनिशी. फोन करायचा आणि सांगायचं: हर्श, तो तूच आहेस. मागे राहणारा माणूस तूच. तळघरातल्या आठ हजार तासांनी जो पुसून टाकलास, तो अजून वाजतोय. आणि तू त्याला ओळखलं नाहीस. जिन्यावर जे मी एका श्वासात म्हणालो होतो, ते आता पुराव्यासह म्हणायचं. लोक त्यावर डोलतात, हे सांगून त्यात फारसा फरक पडला नसता. बडही त्या जिन्यावर हसलाच होता. आणि हे सगळं वगळून फोन करायचा, तर मग म्हणायचं काय?

दोन बसगाड्या गेल्या. वेळेवर होत्या.

"कागद नाही सापडला," मी गुरुवारी रशॉनला सांगितलं. "तळघरात पाणी शिरलं होतं म्हणे."

"अरेरे," रशॉन म्हणाला, खरोखर वाईट वाटून. "म्हणजे कधीच कळणार नाही."

"नाही."

इमानीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माइक उचलून म्हणाली, "चला पॉप्स, सुरू करा."

रेकॉर्ड नाताळच्या आधी निघाली. मागे बारीक अक्षरांत छापलंय: ऑर्गन, व्हर्नल टिल्मन, ड्रम्स, अज्ञात. एकूण तीनशे प्रती काढल्या. त्यांतल्या दोनशे चौसष्ट रशॉनच्या आईच्या गॅरेजमध्ये आहेत.